रत्नदीपने लावलेले सहा मॉनिटर

शनिवार, दि. २६ एप्रिल २०२५. शहापूर.

पहाटे ५.४० ला उठले. उकाडा, वारा अजिबात नाही. नळाला पाणी ६.१० ते ६.५५. सव्वासातच्या रिक्षाने सापगावच्या पुढे, रत्नदीपच्या पाड्यावरच्या शाळेत. तिथे आज मोठा टच पॅनेल बसवला. बसवणारे दोघे, कल्याणहून आलेले. ९.०५ ला पडदा सुरू झाला. मुले बावीस, शिक्षक दोन. नारळ फोडला. रत्नदीप आला नाही. नंतर त्याच्या घरी, १०.२० ते ११.३५. परतीच्या रिक्षासाठी अर्धा तास उभी राहिले.

दुपारी घरी आल्यावर एवढे लिहिले. गेली बासष्ट वर्षे मी अशीच लिहिते. नाशिकला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये असताना आमच्या सिस्टरनी ही सवय लावली. वेळ लिही, हवा लिही, कोण आले ते लिही, डोळ्यांनी पाहिलेस ते लिही, असे त्या सांगत. तुला काय वाटले ते लिहू नकोस, ते उद्या बदलते. लग्न होऊन भातसानगरच्या कॉलनीत आले तरी सवय सुटली नाही. हे धरणावर नोकरीला होते. संध्याकाळी ते त्यांच्या वहीत पाण्याची पातळी लिहीत आणि मी माझ्या वहीत दूध, धोबी, पाहुणे. हे जाऊन अकरा वर्षे झाली. वह्या चालू आहेत.

आज मात्र मला वहीबाहेर लिहायचे आहे, रत्नदीपबद्दल. त्याची नजर जात होती. बायको सोडून कोणालाही त्याने ते कळू दिले नव्हते, आणि या मे महिन्यापर्यंत कळू द्यायचे नव्हते. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतल्या एकेचाळीस शाळांत मोठे पॅनेल बसवायचे काम त्याच्याकडे होते. यादीत सगळ्यात शेवटची शाळा त्याच्या पाड्यावरची होती. तेवढा एक पॅनेल आपल्या हाताने लावायचा आणि मग आपणच कंपनीला सांगून टाकायचे, असे त्याने ठरवले होते. ते झाले नाही. माझ्यामुळे झाले नाही.

रत्नदीप अडतीस वर्षांचा. वडील नथू दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचा फळा रंगवून देत. जुन्या सेलमधला कोळसा पाट्यावर वाटायचा, त्यात कसलासा पाला ठेचून रस घालायचा आणि चिंधीने फळ्याला तीन हात द्यायचे. नथूला लिहिता-वाचता येत नव्हते. पहिलीच्या मुलांना अक्षर गिरवायला फळ्याच्या डाव्या बाजूला चार रेघा हव्यात, असे गुरुजी म्हणाले. रंगवलेल्या रेघा दरवर्षी पुसल्या जातात, म्हणून नथूने एका उन्हाळ्यात त्या खिळ्याने कोरूनच टाकल्या. रत्नदीप त्या रेघांत पहिले अक्षर शिकला. ही हकिगत त्याने मला पुष्कळदा सांगितली. माझ्या वह्यांत ती चार ठिकाणी आहे.

बारावीला शहापुरात असताना तो टायपिंगच्या क्लासला जाऊ लागला आणि सहा महिन्यांत तिथेच शिकवायला लागला. डोळ्यांवर रुमाल बांधून मराठी टाइप करून दाखवायचा. नवीन मुले आली की मालक त्याला तो खेळ करायला लावीत. मग कॉम्प्युटरची दुरुस्ती आली. आधी खोक्यासारखे मॉनिटर, मग चपटे, मग बोटाने चालणारे. प्रत्येक वेळी तो नवीन काम शिकत गेला आणि कल्याणच्या एका कंपनीने त्याला शहापूर आणि मुरबाडच्या कामासाठी ठेवून घेतले.

आमच्या गल्लीत एका ट्रस्टची अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांना बसणारी मुले-मुली दिवसभर तिथे वाचत असतात. मी सदा घरी असते म्हणून किल्ली माझ्याकडे. २०२२ च्या जूनपासून रत्नदीप तिथले जुने कॉम्प्युटर बघायला येऊ लागला. किल्ली परत द्यायला आला की दारातच विचारायचा, "काकी, किल्ली ठेवू की चहा ठेवताय?" पुढे पुढे मुरबाडकडे जाताना नाहीतर येताना, काम असो नसो, तो थांबायचाच. पुढच्या वर्षीच्या १४ जूनची नोंद आहे: दूध पाव लिटरऐवजी अर्धा लिटर सांगितले.

चहाचा पहिला घोट घेऊन तो माझी थट्टा करायचा.

"काकी, साखर किती घातलीय? मुंग्यांना आवतण दिलंय काय?"

"तुझ्यासाठी घातली. तुम्ही लोक गोडच पिता."

"आमी गोड पितो, पाक नाय पीत."

मला त्याच्या कामाबद्दल सगळे विचारून घ्यायची हौस. मॉनिटरचे रिझोल्यूशन म्हणजे काय, हे त्यानेच मला समजावले. "आवणी बघितलीय ना तुमी? भाताचं खाचर आहे समजा. त्यात आडवी एकोणीसशे वीस रोपं बसतात आन उभी हजार ऐंशी. काच बनवली तेव्हाच त्या जागा ठरल्या, त्या आपल्याला बदलता येत नाय. कॉम्प्युटरनं तेवढीच रोपं पाठवली तर जागेला रोप बसतं. कमी पाठवली तर काच काय करते, एक रोप ओढून दीड जागेत बसवते. मग अक्षर जाड दिसतं, पसरतं, कडा फुटतात. लोकांना वाटतं, अक्षर मोठं झालं, बरं झालं. मोठं पाहिजे तर त्याचं बटण वेगळं आहे. रिझोल्यूशन कमी करायचं नाय. काचेला जे आहे तेच द्यायचं."

मी ते त्याच संध्याकाळी लिहून ठेवले. म्हणूनच पुढे मला पसरलेले अक्षर ओळखता आले.

बोलताना तो माझ्याकडे बघायचा नाही, माझ्या कानाकडे बघायचा. बाईमाणसाशी बोलताना लाजतो, असे मला वाटे. स्कूटर त्याची होती, पण चालवायची त्याची बायको नम्रता. ती पाड्यावरच्या अंगणवाडीत सेविका आहे. अंगणवाडी सुटली की त्याला मागे बसवून कामावर घेऊन यायची. नाक्यावरचे लोक त्याला सोडायचे नाहीत.

"काय रे रत्न्या, बायकोला ड्रायव्हर ठेवलीस काय?"

"पगार मागत नाय, म्हणून परवडते."

"आणि पडलास म्हणजे?"

"मागे बसणाऱ्याला कमी लागतं," असे तो म्हणायचा आणि नम्रता हसायची. अभ्यासिकेत तो पडद्यासमोर बसला की ती त्याच्या खांद्याशी उभी राहायची. तो हळूच विचारायचा, "किती?" ती आकडा सांगायची. मला ते नवरा-बायकोचे गूळपीठ वाटायचे. मी एकदा लिहिलेही आहे: "नम्रता सोबत. दोघे एकमेकांशी कुजबुजत काम करतात."

मला काही ठाऊक नव्हते, असे मी म्हणू शकते. पण वह्या चाळल्या तर तसे म्हणवत नाही. जिन्याची पायरी चुकला ती तारीख आहे. दारातल्या मांजराला पिशवी समजून उचलायला गेला ती तारीख आहे. त्या दिवशी आम्ही दोघेही केवढे हसलो होतो. मी सगळे पाहिले होते, वेळेसकट लिहिले होते. एकाचा दुसऱ्याशी संबंध मात्र लावला नव्हता.

जानेवारीत ट्रस्टने जुने कॉम्प्युटर काढून सहा नवे टच मॉनिटर दिले. बरोबर एक रजिस्टर दिले. ट्रस्टचे गृहस्थ म्हणाले, "ताई, तुमचं लिखाण पक्कं असतं असं ऐकलंय. जे दिसेल ते यात लिहीत जा. काम कुणी केलं, कसं केलं, काय बिघडलं." मला बरे वाटले. या वयात कोणी काही काम सांगितले की बरे वाटते.

२१ जानेवारी, मंगळवार. नम्रताची पंचायत समितीत बैठक होती, म्हणून रत्नदीप रिक्षाने एकटाच आला. त्या दिवशीचे रजिस्टरमधले लिखाण असे आहे:

"रत्नदीप एकटा. ११.२० ला आला, ४.४५ ला गेला. सहा मॉनिटर बसवले, बावीस इंची. क्र. २ व ५ वर अक्षर स्वच्छ. क्र. १, ३, ४, ६ वर अक्षरे जाड व पसरट. क्र. ४ वर बोट ठेवावे तेथे खूण उमटत नाही, दोन बोटे खाली उमटते. काम करताना रत्नदीप स्टुलाला दोनदा अडखळला. पावतीचा कागद नाकापाशी नेऊन सही केली. सही रेघेच्या खाली गेली."

तो गेल्यावर मी प्रत्येक मॉनिटरसमोर बसून तपासले होते. माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन आदल्या वर्षी झालेले; मला लख्ख दिसते, याचा मला थोडा तोराच होता. तेव्हाच त्याला फोन करायला हवा होता. मी केला नाही. पुढच्या चहाला सांगू, असे म्हटले. मग तो तीन आठवडे मुरबाडकडच्या शाळांवर होता, त्या वाटेने आलाच नाही. आणि खरे सांगायचे तर रजिस्टरमध्ये लिहिले म्हणजे माझे काम झाले, असे मला वाटले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. कंपनीचा पंकज नावाचा सुपरवायझर पाहणीला आला. तिशीच्या आतला, बोलायला नम्र. रत्नदीपला त्याने तिथेच बोलावून घेतले होते. नम्रता अंगणवाडीत होती. अभ्यासिकेत आठ-दहा मुले बसलेली. पंकजने चौथा मॉनिटर सुरू केला, बोट ठेवले, परत ठेवले.

"रत्नदीपदादा, टच खाली जातोय. तू पडद्यावरच्या फुल्यांवर बोट ठेवून जुळवलं नव्हतंस का?"

"जुळवलं होतं. पोरांनी सेटिंगात हात घातला असंल."

तिथे भूमिका म्हणून एक मुलगी तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करते. ती लगेच म्हणाली, "आमी नाय हां दादा! काकी इथं डोळ्यांत तेल घालून बसलेल्या असतात. हात लावला तर पट्टी मारतील."

सगळे हसले. मीही हसले. पंकजने टेबलावरचे रजिस्टर ओढून घेतले, उगाच चाळावे तसे. २१ जानेवारीच्या पानावर तो थांबला. त्याने ते दोनदा वाचले, हे मला त्याच्या डोळ्यांवरून दिसले. मग त्याने रत्नदीपकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. पुढचे मी शब्दाला शब्द लिहिते, कारण त्या रात्री जेवण न करता मी ते तसेच लिहून ठेवले आहे.

"आजी," तो म्हणाला, "हे जाड-पसरट अक्षर म्हणजे, तुमच्या चष्म्याचा नंबर वगैरे बदलला असेल का? या वयात होतं तसं. तसं असेल तर मी हे पान सोडून देतो."

तो मला वाट देत होता. मला नाही, रत्नदीपला, माझ्या हातून. सत्त्याहत्तराव्या वर्षात असलेल्या बाईने "हो बाबा, माझेच डोळे" म्हटले असते तर त्या खोलीत एकानेही शंका घेतली नसती. रत्नदीपने मान वळवली. माझ्या कानाकडे बघत तो उभा होता. त्याच्या हातात काच पुसायचे पातळ फडके होते, त्याची तो घडी करत होता, उलगडत होता.

मी म्हटले, "माझे डोळे चांगले आहेत. मी तपासल्याशिवाय लिहीत नाही. हवं तर बसा आणि स्वतः बघा." आणि मी त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

मग पंकजला बसावेच लागले. त्याने चौथ्या मॉनिटरवर सेटिंगचे पान उघडले आणि बाजूला सरकून म्हणाला, "दादा, जरा वाच ना. काय रिझोल्यूशन आहे?"

रत्नदीप पुढे वाकला. "एकोणीसशे वीस बाय हजार ऐंशी."

पडद्यावर तेराशे सहासष्ट बाय सातशे अडुसष्ट होते. ते मला सहा फुटांवरून दिसत होते. मागे कोणीतरी खुदकन हसले आणि लगेच गप्प झाले. पंकजने पुढचा मॉनिटर दाखवला नाही. "दादा, बाहेर ये जरा," एवढेच म्हणाला. दोघे पायरीवर वीस मिनिटे उभे होते. ३.३५ ते ३.५५. किल्ली द्यायला त्या दिवशी पंकज आला.

तीन दिवसांनी, रविवारी, नम्रता आली. स्कूटर दारात लावली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. तिने मला सगळे सांगितले ते उभ्यानेच. चार वर्षांपूर्वी ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितले होते: डोळ्याच्या मागचा पडदा मधोमध झिजत चाललाय, त्याला चष्मा नाही आणि ऑपरेशन नाही. कडेचे दिसते, मधले जाते. सरळ बघितले तर समोरच्याचा कान दिसतो, तोंड दिसत नाही; तोंड बघायचे तर कानाकडे बघावे लागते. कीबोर्ड होता तोवर त्याचे निभत होते. बाण किती वेळा दाबायचा, कोणत्या बटणावर बोटाला उंचवटा लागतो, हे त्याला पाठ होते. पडदा न बघता तो सगळे करायचा. मग सगळीकडे टच आले. "काच कशी असते काकी?" ती म्हणाली. "सगळी सारखी. त्याच्या बोटाला काय लागणार तिच्यावर? म्हणून मी उभी राहायची मागं. त्या दिवशी नव्हती मी."

मी म्हटले, "नम्रता, मला माहीत असतं तर..."

"तुमाला सगळं माहीत होतं. मांजराचं पण लिहिलंय तुमी, त्यानंच हसत सांगितलं होतं मला." तिचा आवाज चढला नव्हता. "एक ओळ कमी लिहिली असती तर काय तुमची वही उपाशी राहिली असती? तीस शाळा झाल्या होत्या. अकराच राहिल्या होत्या. बापाच्या फळ्यापर्यंत पोचायचं होतं त्याला, दुसरं काय नको होतं."

तेव्हा मला ती यादी कळली. शेवटची शाळा कळली.

कंपनीने त्याला वाईट वागवले नाही, हेही लिहिले पाहिजे. कल्याणच्या ऑफिसात फोनवर तक्रारी घेण्याचे काम दिले. तो अकरा दिवस गेला. पण तक्रार ऐकून समोरच्या पडद्यावरच्या चौकटीत भरायची असते. ती चौकट त्याला सापडत नव्हती. शेजारच्या मुलीला सारखे विचारायची लाज वाटली आणि बाराव्या दिवशी तो घरीच राहिला. मी दोनदा फोन केला. एकदा त्याची आई जानकीबाई बोलल्या, एकदा कोणी उचलला नाही.

या सोमवारी पाड्यावरच्या शाळेच्या बाई बाजारात भेटल्या. शनिवारी पॅनेल लागतोय, म्हणाल्या. मी रत्नदीपला निरोप पाठवला की मीही येते, आपण एकत्र बघू. त्याचा उलट निरोप आला: मी येणार नाही. काकींनी बघावं आणि मला येऊन सांगावं.

म्हणून आज गेले. कल्याणच्या दोघांनी जुना फळा भिंतीवरून काढला तेव्हा मागे चौकोनी पांढरी जागा उरली. त्या जागेत पॅनेल चढवला. सुरू केला, सेटिंग लावले. मी मधेमधे विचारत होते आणि लिहीत होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "आजी ऑडिटला आल्यात वाटतं." बाईंनी नारळ फोडला, पॅनेलच्या काठाला कुंकू लावायला गेल्या. कल्याणच्या दोघांतला एक ओरडला, "काठाला नको मॅडम, तिथं टच वाचणारे डोळे असतात, कुंकू गेलं तर बोट कळायचं नाही." बाईंनी मग खालच्या भिंतीला कुंकू लावले. मुलांना एकेक करून बोटाने रेघ काढू दिली. एक लहान मुलगी रेघ काढून आपले बोट रंगले का ते बघत राहिली.

मी शेवटच्या ओळीत मुलांजवळ जमिनीवर बसून पडदा पाहिला. उठताना बाईंनी हात दिला. फळा बाहेर मुतारीच्या भिंतीला उलटा टेकवला होता. मी तो थोडा वळवून डाव्या बाजूवरून बोट फिरवले.

रत्नदीप त्याच्या घराच्या ओटीवर बसून चिंचा फोडत होता. समोर जानकीबाई चिंचोके वेगळे करत होत्या. नम्रता आतल्या दारात उभी होती. मी आल्याचे त्याला चपलांवरून कळले.

"या काकी. वाचा. लिहून आणलं असंल."

मी वही उघडून वाचले. वेळ, माणसे, पॅनेल पासष्ट इंची, जमिनीपासून अडीच फुटांवर.

"अडीच बरोबर. पहिलीच्या पोराचा हात पोचला पाहिजे. रिझोल्यूशन?"

"तीन हजार आठशे चाळीस बाय दोन हजार एकशे साठ."

"पूर्ण दिलंय. बरं केलं. मागं बसून बघितलंत?"

"बसले. 'कमळ' लिहिलं होतं, आणि 'किती'. वेलांट्या सुट्या दिसत होत्या."

"कडा?"

"स्वच्छ. कुठेही फुटलेल्या नाहीत."

त्याच्या हातातली चिंच तशीच राहिली. "खरं ना?"

दारातून नम्रता म्हणाली, "त्या खोटं बोलत नाहीत. तुला ठावं नाय काय?"

जानकीबाईंनी सुपातले चिंचोके उगाच पाखडले. मी सकाळपासून, खरे तर फेब्रुवारीपासून, जे बोलायचे ठरवले होते ते बोलायला लागले. "रत्नदीप, त्या दिवशी मी माझे डोळे म्हणाले असते..."

"त्या दिवशी टच दोन बोटं खालीच होता, काकी," तो म्हणाला. रागाने नाही. मी दुसरे काही म्हणेन म्हणून वाट बघावी तसा थांबला, मग त्याने पुढची चिंच घेतली.

"फळा कुठं ठेवला?"

"मुतारीच्या भिंतीला. उलटा."

"रेघा आहेत का?"

"चारही आहेत. मी बोट फिरवलं."

"खोल आहेत?"

"नख बसतं."

त्याने मान हलवली. मग जानकीबाईंना म्हणाला, "आये, दीपेसला सांग टेम्पो घेऊन जायला. पावसाच्या आत घरी आणू दे. बाहेर राहिला तर कुजंल." दीपेश त्याचा चुलतभाऊ, त्याचा टेम्पो आहे. जानकीबाई म्हणाल्या, "आणून कुठं ठेवशील रे एवढा?" तो म्हणाला, "माझ्या खाटंच्या अंगाला."

त्यांनी चहा केला. नम्रतानेच आणून दिला, कप माझ्या हातात न देता ओटीवर ठेवला. चहा कमी गोड होता. निघताना रत्नदीप माझ्याबरोबर चार पायऱ्या उतरला, भिंतीला हात लावत. म्हणाला, "काकी, आता माझी वाट बघत नका जाऊ. शहापुरात काय काम राहिलं नाय." मी बरे म्हटले. तो माझ्या कानाकडे बघत नव्हता. तो रस्त्याच्या बाजूला बघत होता, जिथून रिक्षाचा आवाज येत होता. ती रिक्षा भरलेली होती, थांबली नाही.

घरी येऊन अभ्यासिका उघडली. सहाही मॉनिटर आता बरोबर आहेत. पंकजने फेब्रुवारीतच दुसरा माणूस पाठवला होता. भूमिका चौथ्यावर सराव परीक्षा देत होती. मी तिच्या मागे थोडा वेळ उभी राहिले. अक्षरे अगदी स्वच्छ होती. रजिस्टरमध्ये आजचे काही लिहिले नाही.

संध्याकाळची नोंद: सायं. ६.४०. दूध अर्धा लिटर आले. उद्यापासून पाव लिटर पुरेल, असे दूधवाल्याला सांगितले.